एक आंधळं खेचर, सहा चमचे

लेकीच्या आजेसासूला सगळे मीमॉ म्हणतात. तिकडे दक्षिणेत आजीला म्हणतातच तसं. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येतं, काल काय जेवली ते आठवत नाही, पण लहानपणाचं काही विचारलं की दुपार गेली म्हणून समजायचं. गेल्या वर्षी सहा महिने मी जॉर्जियात लेकीकडे होते. जावयाने, का कोण जाणे, माझ्यातलं नेमकं दुखरं ओळखलं. "आई, तुम्ही जमिनींचे जुने कागद वाचायचात ना? मीमॉच्या घराण्याचं बघता का जरा?"

एकतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढल्यावर मी ठरवलं होतं की आता पुन्हा जुन्या कागदाला हात लावायचा नाही. धुळीने नाक चोंदतं आणि भावाभावांची भांडणं बघून मन. पण परक्या देशातले, परक्या भाषेतले, परक्यांच्या भांडणांचे कागद! म्हटलं, बघू.

आधी गोष्टी ऐकल्या. रविवारी जेवायला सगळे जमले की त्या आपोआप निघतात. तीन भाऊ जहाजातून आले, एक उत्तरेत राहिला, एक दक्षिणेत आला, तिसऱ्याचं काय झालं ते देवाला ठाऊक. मग कोणी एक पणजी चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी जमातीतली होती, म्हणून तर आमच्या घरात गालाची हाडं वर आहेत. मग यादवी युद्धात उत्तरेच्या शर्मन सेनापतीची फौज आली तेव्हा घरची चांदी विहिरीत सोडली आणि ती अजून तिथेच आहे. आणि शेवटी हमखास, कोणी विचारलेलं नसताना: आमची माणसं गरीब शेतकरी होती, स्वतःच्या हाताने नांगर धरायची, आम्ही कधी कोणाला विकत घेतलं नाही.

तीन भावांचं ऐकून मला हसू आलं. आपल्याकडेही घराण्याचा मूळ पुरुष कधी जागेवरचा नसतो. तो कुठून तरी आलेला असतो, कमरेला तलवार आणि पडशीत कुलदेवतेचे टाक.

मीमॉकडे घरचं बायबल आहे. तिकडच्या जुन्या बायबलांत जुना करार संपून नवा सुरू होण्याआधी कोरी पानं असायची, त्यांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहायचे. आपल्याकडे पंचांगाच्या कडेला लिहायचे तसं. पहिली नोंद १८०१ सालच्या जन्माची, मीमॉच्या आजीच्या आजोबांची. जावई खूश. मी पान उलटून आधी छपाईचं साल शोधलं: १८७२. आणि १८०१ पासून १८७० पर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. खात्यात असं दिसलं की आमचे साहेब म्हणायचे, हे एका बैठकीत लिहिलंय. खोटं असेलच असं नाही, पण हे जन्माच्या वेळी लिहिलेलं नव्हे, आठवून लिहिलेलं आहे. आणि आठवणारा माणूस काय आठवायचं ते निवडतो.

मग खानेसुमारीचे तक्ते. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी ते होतात, आणि आता ते घरबसल्या फॅमिलीसर्चसारख्या साइटवर फुकट बघता येतात. पहिले सहा, म्हणजे १८४० पर्यंतचे, बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. नाव फक्त कर्त्याचं. बाकी घरातली माणसं म्हणजे वयोगटाच्या रकान्यात टाकलेले आकडे: दहा ते पंधरा वयाचे मुलगे दोन, वीस ते तीस वयाची स्त्री एक. आपल्या सातबारावर एका नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, लिहिलं की घरातली बाकीची माणसं त्या तीन अक्षरांत बसतात, तसंच. १८५० मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं, असं म्हणायला हवं. त्या 'स्वतंत्र' शब्दाकडे त्या दिवशी मी नीट पाहिलं नाही.

१८०१ चे ते म्हातारबुवा १८५० मध्ये एकोणपन्नासचे, धंदा शेती, जन्म नॉर्थ कॅरोलायना. म्हणजे जहाजबिहाज नाही, उत्तरेकडच्या शेजारच्या राज्यातून बैलगाडीने आलेले. आडनाव तीन तक्त्यांत तीन तऱ्हांनी लिहिलंय. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, आणि ज्याचं नाव होतं त्याला ते वाचता येत नव्हतं. न वाचता येणाऱ्यांचा वेगळा रकाना आहे, त्यात खूण आहे.

जमीन कशी आली ते शोधताना मात्र मला खरी मजा आली. ती चक्क लॉटरीत लागली होती. जॉर्जिया राज्याने १८०५ ते १८३३ या काळात आठ वेळा अशा सोडती काढल्या. एका पिंपात माणसांची नावं, दुसऱ्यात प्लॉटचे नंबर, दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढायची. १८२१ च्या सोडतीत अठरा वर्षांवरच्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला एक चिठ्ठी, बायकोपोरं असतील तर दोन. त्यातच या विसाव्या वर्षाच्या पोराला लागला २०२½ एकरांचा प्लॉट. तो 'अर्धा' मला खटकला. सरकारी आकडा असा अर्धवट का असावा? रात्री अंथरुणात हिशेब केला आणि उठून बसले. तिथली मोजणी गुंटरच्या साखळीने व्हायची. एडमंड गुंटर या इंग्रजाने १६२० मध्ये ठरवलेली ६६ फुटांची साखळी, शंभर कड्यांची. प्लॉटची बाजू ४५ साखळ्या. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस, २०२५ चौरस साखळ्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. बसलं! आणि आपली शंकू साखळी किती फुटांची? ३३. बरोबर निम्मी. तिच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे आपला गुंठा. म्हणजे मीमॉच्या पूर्वजांचं शेत नव्वद गुणिले नव्वद, ८१०० गुंठे. जगाच्या दुसऱ्या टोकाला एका जंगलात कोणी माझ्याच साखळीने मोजणी करून गेला होता. टिपणात कोपऱ्यांना झाडं दाखवली होती: इथे ओक, तिथे पाइन, एका कोपऱ्यावर हिकरी. आपण बांधाला दगड पुरतो, ते झाडाला खाच मारायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं थंड झाल्यावर पुढचा प्रश्न पडला. सोडतीत लागली, म्हणजे आधी कोणाची होती? जानेवारी १८२१ मध्ये इंडियन स्प्रिंग्जला तह झाला, त्यात क्रीक लोकांनी हा सगळा टापू सोडला, आणि त्याच वर्षी सोडत निघाली. क्रीक, चेरोकी नव्हे. चेरोकींची जमीन उत्तरेला, तिची सोडत १८३२ मध्ये, आणि त्यांना हाकलून लावलं १८३८ मध्ये. जावयाला म्हटलं, तुमच्या पणजीची तरी जमात नीट लावा. तो हसला आणि म्हणाला, मीमॉची डीएनए चाचणी करू, म्हणजे वादच नको. नळीत थुंकायचं आणि पोस्टात टाकायचं. मीमॉला तो प्रकार फार आवडला.

निकाल यायला वेळ होता. तोवर आम्ही मॉरोला राज्याच्या अभिलेखागारात गेलो, आणि मग त्या काउंटीच्या कचेरीत. काउंटी म्हणजे आपला तालुका धरा. हे घर एकदाही न हलता दोन काउंट्यांत नांदलं होतं, कारण मधे हद्द बदलली. माझ्या माहेरचं गाव जुन्या भीमथडी तालुक्यातलं, तो तालुकाच आज नावाला नाही, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. कोणता कागद कोणत्या कचेरीत असेल ते ओळखणं हेच तर अर्धं काम.

आमच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ कपाळाला हात लावून होते. त्यांची काउंटी 'जळालेली'. वंशावळ शोधणाऱ्यांत हा शब्द रूढ आहे. कुठे युद्धात, कुठे कंदील कलंडून कचेरी पेटली, आणि त्या टापूतली घराणी एका रात्रीत पोरकी झाली. ते इतक्या दुःखाने सांगत होते की मला सुप्याची गोष्ट सांगावीशी वाटेना.

सुपे आमच्या माहेरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि खतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. सावकाराला फारसा हात लावला नाही, कागदाला लावला. आमच्या घरात अजून सांगतात की खापरपणजोबांनी आपलं खत स्वतःच्या हाताने त्या आगीत टाकलं. आणि त्या आगीचं एक टोक या जॉर्जियातच होतं की! १८६१ मध्ये इथे युद्ध पेटलं, इथला कापूस विलायतेला जायचा थांबला, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, पैसा खेळायला लागला, सावकारांचे हात सैल झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. वर सरकारने सारा वाढवला. कर्ज तेवढं जागेवर राहिलं. इथल्या शेतकऱ्याचंही पुढे तेच झालं. पीक उभं राहायच्या आधीच दुकानदाराकडे गहाण, आणि १८९४ च्या सुमारास कापूस पाउंडाला पाच सेंटांवर आलेला. मीमॉच्या घराण्याचे ८१०० गुंठे त्याच काळात तुकड्यातुकड्याने गेले. तिच्या वडिलांनी वाट्यानेच शेती केली.

ज्याला कागद जळल्याचं दुःख होतं त्याचं कागदावर काहीतरी जमा असतं. हे मी त्या गृहस्थांना बोलले नाही. त्यांच्या डब्यातला पीच पाय मात्र खाल्ला.

म्हातारबुवा १८६३ मध्ये गेले. मरणानंतर पंच नेमून घरातल्या चीजवस्तूंची यादी करायची आणि प्रत्येकीपुढे किंमत घालायची, असा रिवाज होता. ती यादी दीड पानाची. नांगर तीन. डुकरं अकरा. सूतकताईचा चरखा. पिसांची गादी, दोन. 'एक आंधळं खेचर.' हे वाचून मी थांबले. आंधळं खेचर कोणी विकत घेत नाही. ते घरचंच म्हातारं झालेलं असणार, आणि तरी त्याला यादीत घालून पुढे किंमत लिहिलेली होती. मग चमचे, सहा. किंमत एवढी किरकोळ की ते कथलाचे किंवा पत्र्याचे असावेत. चांदी नाही. शर्मन अटलांटाहून निघाला नोव्हेंबर १८६४ मध्ये, म्हणजे ही यादी त्याच्या आधीच्या वर्षाची. विहिरीत सोडायला घरात चांदी होतीच कुठे? जावयाने लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, यादी करायच्या आधीच लपवली असेल. गोष्ट अशी सहजासहजी मरत नसते.

आंधळ्या खेचराच्या खालच्या ओळीवर एक बाई होती. नुसतं नाव, आडनाव नाही. 'आणि तिची दोन मुलं.' पुढे डॉलरमध्ये आकडा. तो खेचराच्या किमतीच्या किती पट होता ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या खालच्या ओळीवर ते सहा चमचे.

जावई काही बोलला नाही. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

मग मी तो 'स्वतंत्र' शब्द आठवून मागे गेले. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांचे तक्ते वेगळे असायचे. मालकाचं नाव, खाली आकडे. वय, लिंग, रंग. १८६० च्या तक्त्यात म्हातारबुवांच्या नावाखाली तीन ओळी: स्त्री, ३०, 'बी'. मुलगा, ९, 'बी'. मुलगी, ४, 'एम'. बी म्हणजे काळी, एम म्हणजे मिश्र. शेवटी झोपड्यांची संख्या: एक.

चार वर्षांच्या मुलीपुढचा तो एम मी बोटाने दाखवला नाही. दाखवायची गरज नव्हती.

पुढचं काम वेगळ्या जातीचं. गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावं १८७० मध्ये पहिल्यांदा खानेसुमारीत आली, म्हणून त्यांचे वंशज शोधत मागे गेले की बहुतेक वेळा याच सालापाशी अडतात. पलीकडे नाव नाही, फक्त कोणाच्या तरी यादीतली किंमत. आम्ही उलट्या बाजूने येत होतो. १८७० चा तक्ता, तेच गाव. म्हातारबुवांच्या मुलाच्या घरानंतर दोन घरं सोडून: तेच नाव, वय ४०, आडनाव मीमॉच्या आजीच्या माहेरचं. सोबत १९ चा मुलगा आणि १४ ची मुलगी. १८७० मध्ये कोण कोणाचं हे लिहीत नसत, ते १८८० पासून आलं, आणि तिथे मुलाच्या घरात त्याच बाईपुढे स्पष्ट लिहिलंय: आई. १८९० चे तक्ते जवळजवळ सगळे गेले, काही १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली त्यात, बाकीचे पुढे सरकारनेच नष्ट केले. मग १९०० चा तक्ता. त्यात बायकांना एक वेगळाच प्रश्न होता: मुलं किती झाली, हयात किती? तिच्यापुढे लिहिलंय सात आणि तीन.

माझ्या आईला कोणी हा प्रश्न विचारला असता तर पाच आणि तीन लिहावं लागलं असतं. त्या दोघांची नावं आमच्या घरात कोणी कधी घेतली नाहीत. आमच्याकडे २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली, मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा लागल्या, माझ्या भाच्यानेही खापरपणजोबांच्या नावाची नोंद काढून आणली. सबंध कागदावर एकही बाई नाही. आणि माझं नाव? वडील गेल्यावर वारस नोंदीत आलं, आणि महिन्याभरात मी हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा गेलं. त्या सहीखालचा फेरफार माझ्याच खात्यातल्या मैत्रिणीने वाचून दाखवला होता. आम्ही दोघी हसलो होतो. आज हसू आलं नसतं.

डीएनएचा निकाल आला. चेरोकी, क्रीक, कोणीच नाही. स्कॉटलंड, इंग्लंड, थोडं आयर्लंड. आणि नात्यात जुळणाऱ्या माणसांची भली मोठी यादी, फोटोंसकट. लांबचे चुलत-मावस म्हणून दाखवलेल्या नऊ काळ्या माणसांपैकी तिघांचं आडनाव तेच. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर कब्जा सिद्ध, दस्त अपुरा.

मीमॉला सांगायचं कोणी? जावयाची आई म्हणाली, या वयात कशाला. लेक म्हणाली, तिचीच थुंकी आहे, तिला कळायला हवं. शेवटी ते माझ्यावर आलं, कारण मी परकी.

आम्ही दोघी पडवीत शेंगा सोलत बसलो होतो. तिकडे त्याला फील्ड पीज म्हणतात, पण ती आपली चवळीच. मूळची आफ्रिकेतली, गुलामांच्या जहाजांबरोबर तिकडे पोचलेली. मीमॉचा अंगठा सोलून सोलून जांभळा झालेला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत, तिच्या ऐकू येणाऱ्या कानाशी, यादीतलं ते नाव सांगितलं. इंग्रजीत चार अक्षरं. नुसतं नाव.

तिचा हात थांबला. म्हणाली, "आँट..." आणि तेच नाव.

मग सावकाश सांगत गेली. ती सात-आठ वर्षांची असताना डेकोरेशन डेला सगळं घर स्मशानभूमी साफ करायला जायचं. गवत काढायचं, कबरींवर फुलं ठेवायची. सगळ्यांची ठेवून झाली की तिची आजी एक मूठ फुलं घेऊन कुंपणाबाहेर जायची, तिथे अक्षरं नसलेले शेतातलेच दगड उभे होते, त्यातल्या एकाशी ठेवायची. कोण आहे तिथे? आँट अमुक. कोणाची आँट? त्यावर आजी उत्तर द्यायची नाही. "मला वाटायचं आमच्याच कोणाची तरी असेल," मीमॉ म्हणाली. मग बराच वेळ शेंगा तशाच मांडीवर. "होतीच म्हणा."

गोऱ्या घरांत म्हाताऱ्या काळ्या बाईला मिसेस म्हणत नसत, आँट म्हणत. आमच्या घरी सालगड्याला आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो. त्याचं आडनाव मला आजही माहीत नाही.

म्हणजे आम्ही कधी कोणाला विकत घेतलं नाही असं सांगणाऱ्या त्याच घरात, त्याच तोंडी, तिचं नाव सत्तर-ऐंशी वर्षं सांभाळलेलं होतं. मी कागदांत तीन महिने शोधलं ते हिच्या पदराला बांधलेलं. मला थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या शनिवारी गेलो. मीमॉला चाकाच्या खुर्चीतून नेलं, शेवटचे पन्नास फूट जावयाने उचलून. सीडरची दोन जुनी झाडं, खाली निळ्या पेरिविंकलचा गालिचा, आपल्या सदाफुलीच्या नात्यातला. जुनी स्मशानं तिकडे याच वेलीवरून ओळखतात. कुंपणाच्या आत कोरीव दगड, सगळे पूर्वेकडे तोंड करून. बाहेर वेलीत बुडालेले ओबडधोबड दगड. मी सतरा मोजले. मीमॉने काठीने वेल बाजूला सारत एक दाखवला. मग म्हणाली, नाही, तो नाही, त्याच्या पलीकडचा. आजी इथे उभी राहायची, सीडरला पाठ लावून, म्हणजे हाच.

त्या तीन आडनावांपैकी एका बाईंना लेकीने लिहिलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं होतं: जागा सांगा, आम्ही येऊ. नुसतं 'झाडाजवळ' लिहून चालणार नव्हतं. मी पिशवीतून टेप काढला, वही काढली, आणि सवयीने वर उत्तरेचा बाण काढला. पूर्वेस कुंपण. दक्षिणेस ओढा. पश्चिमेस सीडर. टेपचं टोक झाडाशी कोणी धरायचं? जावई वेल तोडत होता. मीमॉने हात पुढे केला, मी तिची खुर्ची बुंध्याला टेकवून दिली, आणि तिने त्या जांभळ्या अंगठ्याने टोक खोडावर दाबून धरलं.

"किती?" तिने विचारलं.

साडेअठरा फूट. मी लिहून घेतलं आणि, खात्यात करायचो तसं, पुन्हा एकदा मोजलं.